गुलाबी झेंड्यांची रांग

हेमांगी टाकसाळे पुण्याच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून शिरसपूरला वडिलांजवळ राहायला आली, त्याला पाच महिने झाले होते. ती पंचावन्नची, वडील चौऱ्याऐंशीचे. नरहरी टाकसाळ्यांनी सगळी हयात आयटीआयमध्ये पोरांना नळजोडणी शिकवण्यात घालवली होती. बाथरूममध्ये पाय घसरून पडले नसते तर मुलीला त्यांनी घरात राहू दिलंही नसतं. आता राहू देत होते, पण पाहुण्यासारखं. घरातलं एकेक काम त्यांनी हातचं सोडलं होतं, पंप मात्र नाही. सकाळी सहाच्या ठोक्याला ते काठी टेकत मागच्या अंगणात जायचे, पंपघराचं दार लोटून घ्यायचे आणि पाऊण तास आतच बसायचे.

"अण्णा, टाकी तर पंचवीस मिनिटांत भरते," हेमांगीनं एकदा म्हटलं.

"पंप जुना आहे," ते म्हणाले आणि विषय संपला.

शिरसपूरला नगरपालिकेचं पाणी आठव्या दिवशी यायचं, तेही तासभर. टाकसाळ्यांच्या बोअरला मात्र बारा महिने पाणी असे. यंदा फेब्रुवारीतच पंप अधूनमधून हवा ओढू लागला, तेव्हा हेमांगीनं ठरवलं की बोअरच्या शेजारी मोठा खड्डा घ्यायचा, त्यात दगडगोटे भरायचे आणि पावसाळ्यात छपरावरचं सगळं पाणी त्यात सोडायचं. म्हणजे बोअरचं पोट पुन्हा भरेल. जागा एकच होती, पूर्वेच्या भिंतीकडची.

"तिथं नको," अण्णा म्हणाले.

"मग कुठं?"

"कुठंच नको. मला पुरतंय माझं पाणी."

हेमांगीनं ऐकलं नाही. चौदाव्या वर्षापासून ती या माणसाचं ऐकत आली होती आणि त्याचा राग अजून तिच्या मनातून गेला नव्हता.

पूर्वी असं काम म्हणजे जेसीबीवाल्याला एक फोन असे. आता तसं राहिलं नव्हतं. मागे कुठल्याशा गावात जेसीबीच्या दातानं गॅसची लाइन फुटली, एका गल्लीतली तीन घरं पेटली आणि त्यानंतर नियम झाला. दोन फुटांच्या खाली खणायचं असेल, मग ते स्वतःचं अंगण का असेना, आधी कळवायचं. तपासनीस येऊन जमिनीखाली काय काय आहे ते पाहणार आणि त्यावर रंगीत झेंडे रोवणार. झेंडे लागल्याशिवाय फावडं उचलायचं नाही.

बुधवारी सकाळी आफरीन शेख आली. सव्वीस वर्षांची, उन्हानं रापलेली, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली मुलगी. लहान मुलाच्या बाबागाडीएवढी एक तीनचाकी गाडी ती ढकलत होती. गावात त्या गाडीला सगळे तोलगाडी म्हणत.

"ताई, खड्डा नेमका कुठं हवाय तिथं आधी हे लावा," असं म्हणत तिनं चार पांढरे झेंडे हेमांगीच्या हातात दिले. "पांढरा तुमचा. बाकीचे माझे. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी इंटरनेटची केबल. झेंड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मशीन चालवायचं नाही, हातानंच खणायचं. आणि काम होईपर्यंत एकही झेंडा हलवायचा नाही."

"आणि हा गुलाबी?"

"तो सहसा लागत नाही. जमिनीत आहे पण नकाशात नाही, असं काही सापडलं तर."

गाडी अंगणात इंच इंच पुढं सरकू लागली. हेमांगीनं दवाखान्यात तऱ्हेतऱ्हेची यंत्रं हाताळली होती, तिला राहवेना. "ही क्ष-किरण सोडते का?"

"नाही. ही काहीच सोडत नाही, म्हणून तर इथं चालते." आफरीन वाकून चाकाखालचा खडा काढत म्हणाली. "आधीची यंत्रं रडारची होती. रडारच्या लहरी आपल्या काळ्या चिकण मातीत हातभर जाईपर्यंतच जिरून जायच्या. मुरमाड भागात ती छान चालायची, मराठवाड्यात आंधळी. ही गाडी नुसतं वजन करते."

"जमिनीचं?"

"हो. या नळीत हवा नाही. आत अणूंचा एक छोटा ढग असतो, लेझरनं इतका गार केलेला की अणू जवळजवळ जागच्या जागी थांबलेले असतात. गाडी तो ढग सोडून देते आणि तो किती वेगानं खाली पडतो ते मोजते. खाली भक्कम माती असली की पृथ्वी त्याला पुरती ओढते. पोकळी, पाणी किंवा भुसभुशीत भर असली की ओढ कणभर कमी. एकावर एक असे दोन ढग असतात. रस्त्यावरनं ट्रक गेला तर दोन्ही सारखेच हलतात, म्हणून तो हिशेबातून वजा होतो. उरतं ते फक्त खालचं." ती हसली. "लोखंड झाकता येतं, वायर झाकता येते. वजन झाकता येत नाही, ताई."

तासाभरात अंगण रंगीबेरंगी झालं. फाटकापासून निळे, ओट्याच्या कडेनं पिवळे, मागच्या बाजूला हिरवे. मग गाडी पूर्वेच्या भिंतीकडे वळली आणि आफरीन थांबली. मागे आली, पुन्हा पुढं गेली. तिनं पिशवीतून गुलाबी झेंडे काढले आणि एकेक रोवू लागली. पंपघराच्या पायापासून एक, मग दोन हातांवर दुसरा, मग तिसरा. रांग जराही न वाकता पांढऱ्या झेंड्यांच्या मधून गेली आणि उटग्यांच्या भिंतीला जाऊन भिडली.

"इथं वीतभर रुंदीची चर खणलेली आहे," आफरीन म्हणाली. "एकदा खणलेली माती परत पहिल्यासारखी बसत नाही. आणि हिच्यात माती नाही, मुरूम भरलाय. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, पाइप मोडते. म्हणून जाणता माणूस पाइपभोवती मुरूम भरतो. ज्यानं केलं त्याला काम येत होतं."

हेमांगी काही बोलणार तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. अण्णा आले होते. त्यांनी झेंड्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग काठी भिंतीला टेकवली, वाकले आणि गुलाबी झेंडे उपटू लागले. त्यांचा श्वास फुलला होता, पण सातही झेंडे त्यांनी काढले आणि आफरीनच्या हातात नेऊन दिले.

"जुना मेलेला पाइप आहे. माझ्या अंगणातला. लिहू नकोस."

"आजोबा, मी लिहीतच नाही," आफरीन हळू आवाजात म्हणाली. "गाडी जे बघते ते तिथल्या तिथं नकाशात जातं. मला पुसता येत नाही. झेंडा काढला तरी नोंद राहते." तिनं झेंडे पुन्हा रोवले नाहीत. "मेलेला असेल तर चांगलंच आहे. उद्या पंप चालू असताना एकदा कान लावून जाते. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी सहाला ती हजर होती. अण्णांनी पंप लावला नाही. साडेसहा वाजले, पावणेसात झाले, आफरीन ओट्यावर शांत बसून राहिली. शेवटी हेमांगीनंच पंपघरात जाऊन बटण दाबलं. तिथं तिला पहिल्यांदा दिसलं की पंपातून निघालेल्या पाइपला दोन फाटे आहेत. एक वर टाकीकडे गेलेला, दुसरा जमिनीत. दुसऱ्यावर पितळी कॉक होता, रोजच्या हातानं सोन्यासारखा चकचकीत झालेला. तो तिनं फिरवला.

आफरीननं जमिनीत टोचलेली काठी कानाच्या यंत्राला जोडलेली होती. तिनं मान वर केली.

"जिवंत आहे, ताई. भिंतीच्या पलीकडं जातंय." ती उठून हेमांगीजवळ आली. "या गावात मला अकरा चोरीच्या लाइनी सापडल्यात. सगळ्या मेन लाइनमधून घरात आलेल्या. घरातून बाहेर गेलेली ही पहिलीच."

नियम तिनं नीट समजावून सांगितला. नोंद नसलेली लाइन सापडली की सात दिवस मिळतात. तेवढ्यात दोन्ही घरमालकांनी जागेवर येऊन सही केली तर तिला 'शेजारजोड' म्हणून परवाना मिळतो आणि गुलाबीचा निळा होतो. नाही केली तर आठव्या दिवशी लाइन तोडून तोंड बंद करायचं, तेही आफरीननंच.

"दोन्ही घरमालक," हेमांगी स्वतःशीच म्हणाली. भिंतीपलीकडच्या घराशी या घराचा एक शब्दही बोलणं नव्हतं, एक्केचाळीस वर्षं.

हेमांगी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतरची सहा वर्षं ती जवळजवळ उटग्यांच्या घरातच वाढली. रामलिंगकाका अण्णांच्याच आयटीआयमध्ये फिटर शाखेचे निदेशक होते. दोघांनी शेजारशेजारचे प्लॉट घेतले, एकाच गवंड्याकडून घरं बांधली. गिरिजाकाकूंना मूल नव्हतं. हेमांगीचा डबा, ताप, पहिली साडी, सगळं त्यांच्या हातचं. मग कार्यशाळेतली अवजारं गहाळ झाल्याची चौकशी लागली आणि रामलिंगकाकांनी अण्णांच्या विरुद्ध साक्ष दिली. अण्णांची बढती कायमची गेली. त्या संध्याकाळी अण्णांनी भिंतीतलं लहान फाटक विटा लावून बंद केलं आणि मुलीला सांगितलं, "त्या घरात पाऊल टाकायचं नाही." चौदा वर्षांच्या मुलीनं ते मानलं. पुढं शिकायला गेली, नोकरीला लागली. सहा वर्षांपूर्वी रामलिंगकाका गेल्याचं पुण्यात कळलं तेव्हाही फोन उचलून काकूंशी बोलायचं धाडस तिला झालं नाही. कोणत्या तोंडानं बोलणार होती?

आफरीन गेल्यावर ती अण्णांसमोर येऊन बसली. ते खुर्चीत बसून चष्म्याची काडी घट्ट करत होते. चष्म्याची काडी घट्टच होती.

"पाणी कधीपासून जातंय, अण्णा?"

काडीकडे बघतच ते म्हणाले, "तू पहिल्या वर्षाला होतीस. हॉस्टेलला. तेव्हाचा दुष्काळ."

"छत्तीस वर्षं?"

"त्यांची बोअर आटली. गिरिजावहिनींचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके ओले. रामलिंग ड्युटीवर. ती बाई टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी. मी या खिडकीतून बघत होतो. काय करायचं होतं मी?"

"हाक मारायची होती."

"ते जमलं नाही." त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "ते दोघं चार दिवस तिच्या माहेरी गेले तेव्हा चर खणली. हौदाला बाहेरून भोक पाडलं, पाइप आत घातला, वर सिमेंट. त्यांना वाटलं नगरपालिकेचं पाणी सुधारलं."

"अण्णा, त्या चौकशीत..."

"रामलिंग खरं बोलला," ते एकदम म्हणाले. "अवजारं मी न बघता ताब्यात घेतली होती. सही माझी होती. त्यानं तेवढंच सांगितलं. खोटं बोलला असता तर मी त्याला कधीच माफ केलं असतं." ते उठले. "त्या मुलीला सांग, तोडून टाक म्हणावं. पण त्या घरी कळता कामा नये."

आणि दुसऱ्या दिवसापासून पंप पंचवीस मिनिटांत बंद होऊ लागला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. भिंतीपलीकडून काही आवाज नव्हता. सोमवारी सकाळी हेमांगीला पोळी लाटता लाटता काही सुचेना. एकोणऐंशी वर्षांची एकटी बाई, हौद कोरडा पडलेला असणार, नगरपालिकेचं पाणी यायला अजून तीन दिवस. तिनं तवा उतरवला, पायात चप्पल सरकवली आणि रस्त्यावरून वळसा घालून उटग्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

काकू अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या झाल्या होत्या, केस कापसासारखे. शेजारी दोन कळशा आणि एक अर्धी बादली झाकून ठेवलेली.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हेमा? किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या.

हेमांगी त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. काकूंनी रडू दिलं. रडणं ओसरल्यावर पदरानं तिचं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुझे अण्णा बरे आहेत ना? पाणी थांबलं तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हटलं, पुन्हा पडले की काय."

हेमांगीला क्षणभर ऐकलेल्याचा अर्थच लागेना. "काकू... तुम्हाला माहीत आहे?"

"अगं, डाळ शिजेना तेव्हाच कळलं." काकू हसल्या. "नगरपालिकेचं पाणी नदीचं, गोडं. तुमच्या बोअरचं खारट. चार शिट्ट्या झाल्या तरी तूर आपली टणकच. हंड्याला पांढरा थर. मी ह्यांना म्हटलं, हे पाणी आपलं नाही. हे हौदात उतरले, बघितलं, वर येऊन गप्प बसले. रात्री जेवताना म्हणाले, गिरिजा, हे कधी बोलायचं नाही. नरहरीला कळलं की आपल्याला कळलंय, तर तो उद्या बंद करील. आणि बंद केलं की जन्मभर झुरेल."

"म्हणून छत्तीस वर्षं..."

"म्हणून. डाळ मी रात्री भिजवायला लागले." काकूंनी भिंतीकडे पाहिलं. "सकाळी सहाला हौदात धार पडायची. हे चहाचा कप घेऊन हौदाशी जाऊन बसायचे. म्हणायचे, उठला बरं का नरहरी."

हेमांगीनं त्यांना तोलगाडीचं, गुलाबी झेंड्यांचं, बुधवारच्या मुदतीचं सगळं सांगितलं. दोन सह्यांचंही सांगितलं.

काकूंनी मान हलवली. "मी ह्यांना शब्द दिलाय. तुझ्या अण्णांना मी तोंडानं सांगणार नाही. तूही सांगू नकोस. माणसाची लाज अशी चव्हाट्यावर ओढायची नसते."

"मग तुटेल ती, काकू."

काकू विचारात पडल्या. मग कोरड्या हौदाच्या झाकणाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि चेहऱ्यावर काहीतरी मिस्किल उमटलं. "बुधवारी त्या मुलीला माझ्याकडं बोलाव. आणि तुझ्या अण्णांना म्हणावं, उटग्यांच्या हौदाचा वॉल्व्ह गळतोय, येऊन बघाल का."

"हौदात पाणीच नाही, गळेल काय?"

"ते त्यांना विचारू दे."

बुधवारी सकाळी हेमांगीनं निरोप दिला. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. "हौदात पाणी नसताना वॉल्व्ह गळेल कसा?"

हौदात पाणी नाही हे आपल्याला कसं ठाऊक, या प्रश्नाशी अण्णा स्वतःच येऊन थांबले. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला, विरला. मग ते उठले, कपाटातून पान्यांची कॅनव्हासची पिशवी काढली आणि काठी घेतली.

चाळीस-पन्नास पावलांचा वळसा. उटग्यांच्या फाटकाशी ते थांबले. हेमांगीला वाटलं, आता परत फिरणार.

"या, भाऊजी," आतून काकू म्हणाल्या. काल येऊन गेलेल्या माणसाला म्हणावं तसं. "हौद तिकडं. झाकण त्या मुलीनं उघडून ठेवलंय."

आफरीन हौदाजवळ उभी होती. तिनं मोबाइलचा उजेड आत धरला. हेमांगीनं अण्णांना दंडाला धरून कडेवर बसवलं. ते वाकून पाहू लागले.

त्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी बाहेरून घाईघाईत भोक पाडलं होतं आणि ओबडधोबड सिमेंट थापलं होतं. आतली बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आता तिथं भोकाला गुळगुळीत गोल किनार होती. पाइप आडव्या पट्टीवर नीट टेकवलेला, टोकाला पितळी जोड. आट्यांवर, पाणी झिरपू नये म्हणून, तागाचे वेढे आणि सफेदा, जुन्या पद्धतीनं. जोडाच्या अलीकडं हाताच्या मुठीएवढा एक वॉल्व्ह बसवलेला होता.

अण्णांनी हात आत घातला. बोटांनी जोड चाचपला, मग वॉल्व्ह, मग पुन्हा जोड. पितळेच्या कडेवर कानशीनं मारलेल्या तीन बारीक खाचा होत्या. आयटीआयच्या कार्यशाळेत प्रत्येक निदेशक आपल्या हातच्या कामावर आपली खूण करी. अण्णांची आडवी रेघ असे.

"हे रामलिंगचं काम आहे," ते म्हणाले.

आफरीननं उजेड आणखी आत धरला.

"वॉशर नवा आहे. पाच-सात वर्षांपूर्वीचा. म्हणजे बदलत होता." ते आत वाकलेलेच बोलत होते, जणू वर्गातल्या पोरांना समजावून सांगावं तसं. "आणि हा वॉल्व्ह एका बाजूनंच उघडतो. हौदातलं पाणी उलटं माझ्या बोअरकडं जाऊ नये म्हणून. हौद कधी घाण झाला असता तर माझं पाणी नासलं असतं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. घाईत राहून गेलं होतं." त्यांनी मान वर केली. "वहिनी, हे त्यानं कधी बसवलं?"

"मला काय ठाऊक?" काकू शांतपणे म्हणाल्या. "मी कधी हौदात उतरले?"

अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले, काकूही त्यांच्याकडे. मग अण्णांनी डोळे पुसले, सरळ शर्टाच्या बाहीनं, आणि आफरीनकडे हात केला. "आण. कुठं सही करायची?"

आफरीननं परवान्याच्या अर्जाची पाटी पुढं केली. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि थांबले. "हे काय? पाणी देणारा, पाणी घेणारा?"

"तसा रकाना आहे, आजोबा."

"तसं नाही हे. त्याची बाजू त्यानं सांभाळली, माझी मी. दोघांची लाइन आहे ही."

"रकाना बदलता येत नाही मला." आफरीननं जरा विचार केला. "खाली शेरा लिहिता येतो." तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "ही लाइन दोन घरांनी मिळून बसवली आणि राखली आहे."

"हां, तसं लिही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सही केली. काकूंनी खाली आपलं नाव लावलं, गिरिजा रामलिंग उटगे, एकेक अक्षर जपून. खड्डा तीन फूट दक्षिणेला सरकवायचा, म्हणजे लाइनीला धक्का लागणार नाही, हेही तिथंच ठरलं. आफरीन निळे झेंडे घेऊन टाकसाळ्यांच्या अंगणात गेली. हेमांगी पंप लावायला निघाली.

अण्णा मात्र उठले नाहीत. हौदाच्या कडेवरच बसून राहिले, पान्यांची पिशवी मांडीवर, एकही पाना न काढलेली. काकूंनी आपली खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली.

"वहिनी," ते म्हणाले, "तो गेला तेव्हा मी आलो नाही."

"नाही आलात."

"खिडकीत उभा होतो. सगळी माणसं जाईपर्यंत."

"दिसला होतात."

अण्णांनी मान खाली घातली. पिशवीच्या बंदाशी त्यांची बोटं चाळा करत होती. "शेवटी त्रास झाला का त्याला फार?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पदर सावरला, खुर्चीत नीट बसल्या. सहा वर्षांत हे त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. येणारी माणसं वय किती होतं विचारत, आजार काय होता विचारत आणि जात.

"पहिले दोन दिवस झाला," त्या म्हणाल्या. "सोमवारची गोष्ट. सकाळी उठले, म्हणाले, गिरिजा, छातीत जरा जड वाटतंय..."

हेमांगी फाटकापर्यंत गेली होती, ती तिथंच थांबली. पंपाला थोडा उशीर झाला तरी चालणार होतं. काकू सांगत होत्या, आणि अण्णा दोन्ही हात काठीवर ठेवून, एकही शब्द सुटू नये म्हणून पुढं झुकून ऐकत होते.